दम्याच्या घोडीचं गवत किती वेळ भिजवायचं? नुसतं पाणी शिंपडून भागणार नाही का?

तुमची घोडी वाळलं गवत खाताना खोकते, डॉक्टरांनी दमा सांगितलाय आणि गवत भिजवून द्या म्हणालेत. किती वेळ, आणि नुसता शिडकावा चालेल का, असं तुम्ही विचारताय. शिडकावा चालत नाही. गवत पूर्ण बुडवा, अर्धा तास पुरे. आणि ते ओलं आहे तोवरच तिच्या पोटात गेलं पाहिजे. शेवटच्या गोष्टीत पुष्कळ जण चुकतात. मी तिन्हींत चुकलो होतो.

माझी घोडीही अशीच होती. सुरुवातीला मी पाइपने वरून पाणी मारायचो. वरून गवत चिंब, आत हात घातला की कोरडं ठणठणीत. भारा सोडला की आतून धुळीचा लोट. मग दुसरं टोक गाठलं, रात्रभर पिंपात बुडवून ठेवायला लागलो. सकाळी पाणी काळ्या चहासारखं दिसायचं आणि मला वाटायचं, वा, किती घाण निघाली! त्यात बरीचशी गवतातली साखर आणि क्षार होते. घोडी बघता बघता उतरली, बरगड्या दिसायला लागल्या. त्यात उन्हाळा लागला आणि गवताला आंबूस वास येऊ लागला, कारण गरम हवेत भिजत पडलेल्या गवतात जिवाणू भराभर वाढतात. (लठ्ठ किंवा साखर सोसत नसलेल्या घोड्याचं गवत मुद्दाम जास्त वेळ भिजवतात. तो हिशेब वेगळा.)

एक लक्षात घ्या, भिजवल्याने गवत ‘स्वच्छ’ होत नाही. गवत कितीही चांगलं असलं तरी त्यात बुरशीचे बीजाणू, अगदी बारीक कीटक आणि त्यांची विष्ठा, जिवाणूंचे अवशेष असतातच. यातले ५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. तो नाकानेच घेतो, आणि खाताना ते नाक गवतात खुपसलेलं असतं. पाण्याने हे कण गवताला चिकटून बसतात आणि श्वासात जायच्या ऐवजी घासाबरोबर गिळले जातात. म्हणून गवत पुन्हा सुकलं की धूळ पुन्हा मोकळी. सकाळी भिजवलेलं दुपारपर्यंत गव्हाणीत सुकत पडलं असेल, तर मेहनत फुकट गेली. थोडं थोडं, दोन-तीन वेळा द्या आणि उरलेलं उचलून टाका.

प्रत्यक्ष करताना आधी गवत कोरडं असताना वजन करा, ओलं झाल्यावर अंदाज पार चुकतो. गठ्ठा सोडून मोकळा करा, जाळीत भरा, पिंपात घाला आणि वर दगड ठेवा, नाहीतर ते तरंगतं. मग टांगून निथळू द्या. पाणी दरवेळी नवं घ्या. जुनं पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका आणि घोडीला त्याला तोंड लावू देऊ नका. गठ्ठा सोडणं-झटकणं तिच्यापासून लांब करा, स्वतःच्याही नाकातोंडाला फडकं बांधून. बुरशी लागलेल्या गवताच्या धुळीने माणसाचं फुफ्फुसही सुजतं. त्या आजाराला ‘शेतकऱ्याचं फुफ्फुस’ असंच नाव आहे.

वाफ देणं भिजवण्यापेक्षा चांगलं, यात मला शंका नाही. गवतभर नीट वाफ फिरली तर बुरशी आणि जिवाणू मरतात, शिवाय साखर-क्षार फारसे वाहून जात नाहीत. पण त्यासाठी तयार पेटी घ्यावी लागते, जी आतून सगळीकडे १०० अंशांच्या जवळ जाते. पिंपाला भोक पाडून केटलीची नळी आत सोडायचा जुगाड मीही केलाय. मधलं गवत नुसतं कोमट होतं, आणि कोमट-दमट जागा म्हणजे जिवाणूंना आमंत्रणच. त्यापेक्षा साधं भिजवलेलं परवडलं.

बुरशीचं गवत मात्र भिजवून किंवा वाफवून चांगलं होत नाही. हात घातल्यावर गरम लागलं, कुबट वास आला, पांढरी भुकटी उडाली की तो गठ्ठा बाहेर. गवत पुरतं वाळायच्या आत बांधलं, म्हणजे ओलावा २० टक्क्यांच्या वर असताना, की ते आतून तापतं आणि बुरशी धरतं.

आता खरा मुद्दा. सगळं नीट करूनही माझ्या घोडीचा खोकला थांबेना. शेजारच्या थाणावरच्या घोड्याला कोरडंच गवत पडत होतं, मधे अर्धी भिंत, आणि वर माळ्यावर सगळा साठा! हवा एकच, मग हिचं एकटीचं भिजवून काय होणार? साठा हलवला, शेजाऱ्याचंही गवत भिजवायला लागलो, अंथरायचा पेंढा काढून रबरी चटया आणि धूळविरहित लाकडी भुसा आणला, झाडलोट घोडी बाहेर असताना. तेव्हा कुठे फरक पडला, तोही काही आठवड्यांनी. जाळी नाकाच्या उंचीवर टांगू नका, गवत जमिनीवर द्या. मान खाली गेली की नाकातला शेंबूडही वाहून जातो. तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात कोरडी चंदी (दाणा) तर अजिबात नको, ती धूळ थेट नाकात. चंदीही ओलवून द्या.

भिजवणं झेपत नसेल तर गवताच्या गोळ्या पाण्यात फुलवून द्या, दम्यासाठी त्या भिजवलेल्या गवतापेक्षाही सरस. मुरघासासारखं प्लॅस्टिकात बंद केलेलं अर्धवाळलं गवतही चालतं, पण वेष्टण फाटलेलं असेल तर हात लावू नका, त्यातलं विष घोड्याचा जीव घेऊ शकतं. आणि जमेल तेवढी कुरणात सोडा. फक्त काही घोड्यांचा दमा कुरणातच उसळतो, तेवढं पाहा.

रोज एकाच वेळी, ती शांत उभी असताना, कुशीकडे बघून मिनिटाचे श्वास मोजून वहीत लिहा. ८ ते १६ ठीक. सारखे २० च्या वर जात असतील, नाकपुड्या फेंदारलेल्या असतील आणि श्वास सोडताना पोट भात्यासारखं दाबलं जात असेल, तर पिंप बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना बोलवा. तेव्हा औषधच लागतं.