दूर-अवरक्त प्रकाश नेमका कुणाचा? नवख्यासाठी चार गोष्टी

भावा, सक्रिय दीर्घिकेतून (जिच्या मध्यावर महाकाय कृष्णविवर वायू गिळत तळपतं) येणारा दूर-अवरक्त, म्हणजे १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या तरंगलांबीचा प्रकाश बघितलास, तर सगळा दोष कृष्णविवराच्या माथी मारू नकोस. नवखे सगळे तिथंच घसरतात.

आपलं गुऱ्हाळ आठव. चुलवाणाच्या तोंडाशी निखारे लालभडक, आणि लांबच्या भिंती नुसत्या कोमट. सक्रिय दीर्घिकेतही तसंच. विवराजवळची धूळ फार तर १५०० केल्व्हिनपर्यंत टिकते, तिचा प्रकाश २ मायक्रॉनच्या आसपास. जरा लांबची, काहीशे केल्व्हिनची धूळ १० ते ३० मायक्रॉनला चमकते. १०० मायक्रॉनला शिखर हवं तर धूळ ३० केल्व्हिनचीच लागते (२८९८ भागिले केल्व्हिनमधलं तापमान म्हणजे शिखराची तरंगलांबी मायक्रॉनमध्ये, झालं!). ती दीर्घिकाभर पसरलेली असते आणि बहुतेकदा तिला तापवतात नवे तारे. अतितेजस्वी क्वेसारमध्ये (फार झळाळणाऱ्या सक्रिय गाभ्यात) मात्र विवरही लांबची धूळ तापवू शकतं. तो वाद अजून मिटलेला नाही.

हर्शेल या अवरक्त अवकाश दुर्बिणीचा डेटा फुकट मिळतो, त्यानंच सुरुवात कर. फक्त एकक बघ: तिच्या पॅक्स उपकरणाचे नकाशे जान्स्की (येणाऱ्या प्रकाशाच्या मोजमापाचं एकक) प्रति पिक्सेल, स्पायर उपकरणाचे जान्स्की प्रति बीम (दुर्बिणीला एकच ठिपका म्हणून दिसणारा आकाशाचा तुकडा). इथं चुकलास तर पुढचं सगळं मुसळ केरात. ५०० मायक्रॉनला बीम ३६ कोनीय सेकंदांचा, म्हणजे शेजारची दीर्घिकाही आत येते. २४ मायक्रॉनच्या जास्त रेखीव चित्रावर ताडून बघ.

ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणानं तरंगलांबी ताणली जाणं) विसरू नकोस: २ असेल तर २५० मायक्रॉन म्हणजे मुळात ८३ (२५० भागिले १+२). रेडिओत तेजस्वी असेल तर सिंक्रोट्रॉनचा (चुंबकीय क्षेत्रात वेगानं फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रकाशाचा) वाटा आधी वजा कर. न दिसलेला स्रोत शून्य धरू नकोस, वरची मर्यादा लिही.

मोजलेल्या पाचच बिंदूंवर दहा चलांचं मॉडेल बसवणं सध्या नको.