घरी बसवलेल्यांना काय वाटत होतं, ते टाइम ऑफिसच्या फोनवर ऐकू यायचं

तुम्ही विचारलंय की कोरोनाच्या काळात कंपनीनं ज्यांना घरी बसवलं आणि ज्यांनी घरून काम केलं, त्यांना मनातून काय वाटत होतं. आणि पाहण्यांमध्ये बहुतेक लोक समाधानी दिसतात, ते कितपत खरं आहे.

मी नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. हजेरी, ओव्हरटाइम, रजा, पगारपत्रक, सगळं आमच्या टेबलावरून जातं, म्हणून २०२० मध्ये कामगारांचे फोनही माझ्याकडेच यायचे. धाकटी बहीण आयटी कंपनीत आहे. तिचं घरून काम मी रोज डोळ्यांनी बघत होतो.

पाहण्यांचं म्हणाल तर त्या काळात फॉर्म ऑनलाइनच फिरत होते. ज्याच्यासमोर लॅपटॉप, त्यानं फॉर्म भरला. आमच्या प्रेस शॉपमधल्या, म्हणजे प्रेस मशीनवर पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाला अशी लिंक कोणी पाठवलीच नाही. त्यामुळे ते समाधान खरं असेलही, पण ते एका बाजूच्या लोकांचं आहे.

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला आणि २९ मार्चला केंद्रीय गृहखात्याचा आदेश आला की बंदच्या काळातला पगार कापू नका. तो आदेश व्हॉट्सॲपवर प्रत्येकापर्यंत पोहोचला होता, त्यामुळे एप्रिलभर लोक बऱ्यापैकी शांत होते. आजाराची भीती होती, नागपुरातल्या सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा वस्त्यांतल्या बातम्या रोज येत होत्या, पण नोकरीची धास्ती तेवढी नव्हती. १८ मेपासून तो आदेश मागे घेतला गेला. १२ जूनला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मालकांवर जबरदस्ती करू नका, दोघांनी बसून तोडगा काढा. जिथे युनियन भक्कम होती तिथे तोडगा निघाला. जिथे नव्हती तिथे एचआर सांगेल तोच तोडगा. खरी घालमेल सुरू झाली ती तेव्हापासून.

तेव्हाच्या फोनांत मला जे जाणवलं ते असं की पगार किती कापणार हा प्रश्न दुसरा असायचा. पहिला प्रश्न, ''साहेब, माहं नाव आहे ना जी मस्टरवर?'' मस्टर म्हणजे हजेरीपट. आमचा एक जुना फिटर दर आठवड्याला फोन करायचा. पैशांचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. ''कार्ड चालू आहे ना? बंद नाही केलं ना?'' एवढंच, हजेरीच्या कार्डाबद्दल, विचारायचा. मी कॉम्प्युटरवर त्याचा टोकन नंबर टाकून ''चालू आहे'' म्हटलं की ''बरं जी'' म्हणून ठेवून द्यायचा. घरी बसवल्याचं दुःख काय असतं ते मला त्या फोनांवरून समजलं. अर्ध्या पगारात माणूस कसंबसं भागवतो. उसनं घेतो, किराणावाल्याला थांबवतो, पोराची फी पुढे ढकलतो. पण परत बोलावणार की नाही आणि बोलावलं तर कधी, हे कोणी सांगत नसेल तर त्याला काहीच ठरवता येत नाही. दुसरीकडे रोजंदारीवर जावं तर इकडची नोकरी जाईल ही भीती, आणि न जावं तर घरात दाणा नाही.

कायद्यात सोय नव्हती असं नाही. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून जे होतं त्याच्या निम्मी भरपाई द्यावी लागायची. पण कारखान्यात ५० किंवा जास्त कामगार हवेत, माणसाची वर्षभराची सलग नोकरी हवी, आणि बदली कामगार, म्हणजे दुसऱ्याच्या जागी कामावर येणारा, त्यात बसत नाही. शिवाय निम्मे म्हणजे हातात येणाऱ्या पगाराचे निम्मे नव्हेत. समजा हातात १८,००० येत होते आणि त्यात बेसिक-डीए १२,०००, तर मिळणार ६,०००. हे गणित फोनवर समजावून सांगताना पलीकडे जी शांतता व्हायची, ती फार जड असायची.

आणि ज्यांच्यापर्यंत हा कायदा पोहोचतच नव्हता, ते ठेकेदाराचे कामगार. त्यांचं नाव आमच्या मस्टरवर नाही, ठेकेदाराच्या. ठेकेदाराचा फोन बंद. मग ते गेटवरच्या सिक्युरिटीकडून माझा नंबर मिळवून विचारायचे, ''ठेकेदार काही बोलला का जी?'' त्यांना कंपनीबद्दल राग होता का? मला तरी राग फारसा दिसला नाही. आपण कोणाच्याच हिशेबात नाही, ही भावना दिसली. रागापेक्षा ती वाईट. कारण रागावलेला माणूस परत येऊन भांडतो. हे लोक परत आलेच नाहीत. कोणी बालाघाटला गेले, कोणी छिंदवाड्याला, काहींनी इथेच भाजीची गाडी लावली.

पीएफमधून पैसे काढायची सवलत मार्चअखेरीस मिळाली होती, तीन महिन्यांचा बेसिक-डीए किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातलं जे कमी असेल ते. बऱ्याच जणांनी काढले. आधारवर जन्मतारीख वेगळी, नावात एक अक्षर वेगळं म्हणून क्लेम परत यायचे आणि आम्ही ते दुरुस्त करत बसायचो. पन्नाशीच्या कामगारांना पैसे काढताना फार वाईट वाटायचं, तो पैसा मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला असायचा. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, बेरोजगारी भत्त्याची योजनाही होती. त्यात सरासरी मजुरीच्या २५ टक्क्यांऐवजी ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस मिळत होते. ठेकेदाराच्या कामगारांना तिचा उपयोग झाला असता, पण त्यांच्यातल्या फार थोड्यांना ती माहीत होती.

इंग्लंडमधल्या फर्लोशी, म्हणजे कोरोनात कामगारांना घरी बसवण्याच्या तिथल्या सरकारी योजनेशी, तुलना लोक करतात म्हणून सांगतो. तिथे घरी बसवलेल्या माणसाच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत, सरकार देत होतं आणि ती योजना सप्टेंबर २०२१ पर्यंत चालली. पुढेमागे बदल झाले, पण माणूस कंपनीच्या यादीतच राहायचा आणि पैसे कुठून येणार हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या मनाची तुलना आमच्या ठेकेदाराच्या माणसाशी करणं मला पटत नाही.

आता घरून काम. बहिणीला ते आवडलं का, याचं उत्तर महिन्यागणिक बदललं. सुरुवातीला मानेवाड्यातल्या घरून मिहानमधल्या ऑफिसपर्यंतचं जाणं-येणं वाचलं, त्याचा आनंद होता. मग मे आला. नागपूरचा मे, पारा ४६ च्या वर. आमच्याकडे एसी नाही, खिडकीला मोठा कूलर. कॉल सुरू झाला की कूलरचा आवाज पलीकडे जायचा आणि क्लायंट म्हणायचा, तुमच्याकडे पाऊस पडतोय का. म्हणून ती कूलर बंद करायची. तासाभराच्या कॉलनंतर ती ओला पंचा मानेवर टाकून खोलीबाहेर यायची आणि कोणाशी एक शब्द न बोलता माठापाशी उभी राहायची. कंपनीनं सगळ्यांना हेडफोन पाठवले, पण घरात दुसरी थंड खोली नव्हती त्याला कंपनी काय करणार?

आईनं तिला कधी कामाला जुंपलं नाही, तरी ''घरीच आहेस तर जरा दूध बघ'' हे व्हायचंच. मला असं कोणी म्हणत नव्हतं, हे मी इथे मुद्दाम लिहितो. तिच्या टीममधल्या लग्न झालेल्या मुलींची तर दोन्हीकडून ओढाताण होती. लॉगआउटची वेळ पुढे पुढे सरकत गेली, आणि मॅनेजर स्क्रीन किती वेळ चालू आहे ते बघतो हे कळल्यावर तिचं मन उतरलं. काम ती पूर्ण करत होती. तिला खुपलं ते एवढंच की आपल्यावर भरवसा नाही. पुढे मॅनेजर बदलला. नवा माणूस रोज सकाळी काम ठरवून द्यायचा आणि संध्याकाळी झालं का एवढंच विचारायचा. घर तेच, कूलर तोच, आणि ती म्हणायला लागली की आता ऑफिसला बोलावू नका.

आमच्या कारखान्यात एक तेढ मात्र अजून मिटलेली नाही. ऑफिस स्टाफ पूर्ण पगारावर घरून काम करत होता आणि शॉप फ्लोअरवाले कापलेल्या पगारावर घरी बसले होते. कामाचं स्वरूपच वेगळं, लेथ मशीन कोणी घरी नेऊ शकत नाही, हे सगळ्यांना कळतं. पण कँटीनमध्ये आजही कोणीतरी म्हणतंच, ''तुम्ही तर तेव्हा घरी बसून पगार उचलला.'' मी स्वतः पूर्ण पगारावर होतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

एप्रिल २०२१ सांगितल्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. दुसऱ्या लाटेत नागपूरची काय अवस्था होती ते इथल्या माणसाला सांगायला नको. २२ एप्रिलपासून मोजके उद्योग सोडून बाकीच्यांचा ऑक्सिजन बंद करून हॉस्पिटलांकडे वळवला गेला. ऑक्सिजनवर चालणारं आमचं गॅस कटिंग थांबलं, फॅब्रिकेशनच्या माणसांना पुन्हा घरी पाठवलं. या वेळी मॅनेजर स्वतः शेडमध्ये आले, सिलिंडर कुठे जाणार आहेत ते सांगितलं, पगाराचं काय होईल ते सांगितलं, आणि दर सोमवारी टाइम ऑफिसमधून सगळ्यांना फोन जाईल असा शब्द दिला. सिलिंडर गाडीत चढवायला तीच पोरं थांबली ज्यांचं काम त्यामुळे बंद होणार होतं. पैसे २०२० पेक्षा काही जास्त मिळाले नाहीत. पण ''माहं नाव आहे ना'' हा फोन मला त्या वेळी एकाचाही आला नाही.

तुम्ही स्वतः लोकांशी बोलून माहिती गोळा करणार असाल तर ''समाधानी होता का'' असं विचारू नका. शेवटचा पूर्ण पगार कोणत्या महिन्याचा मिळाला, परत कधी बोलावणार हे कोणी आणि केव्हा सांगितलं, घरात काम करायला बसायची जागा कोणती होती, एवढं विचारा. आणि ठेकेदाराकडे काम केलेले चार-दोन तरी शोधा. सकाळी सातच्या सुमारास हिंगणा टी पॉइंटला चहाच्या टपऱ्यांवर भेटतात.