जॉब जळतो तेव्हा व्हीलकडे बघ

बडोदे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) तुला सरफेस ग्राइंडर, म्हणजे फिरत्या घासचाकानं (व्हीलनं) सपाट पृष्ठभाग घासायचं मशीन दिलं, हे वाचून बरं वाटलं. हार्ड केलेल्या प्लेटवर, म्हणजे तुझ्या जॉबवर, जळाल्याचे तपकिरी डाग येतात आणि सगळे व्हीलला दोष देतात, असं तू लिहिलंस. व्हील मुळातच खराब निघणं क्वचित घडतं. बहुतेक वेळा ते बोथट झालेलं असतं किंवा त्या कामाचं नसतं.

आधी लेबल नीट वाच. ‘डब्ल्यूए ४६ जे ५ व्ही’ म्हणजे पांढरं अॅल्युमिनियम ऑक्साइड, ४६ नंबरचा दाणा, जे ग्रेड, दाण्यांमधली मोकळीक ५ आणि भाजलेला व्हिट्रिफाइड बाँड, म्हणजे दाणे धरून ठेवणारा काचेसारखा मसाला. यातला ग्रेड समजून घे, कारण तिथेच सगळे फसतात. ग्रेडचं अक्षर दाणा किती कडक ते सांगत नाही. बाँडनं दाणा किती घट्ट धरलाय ते सांगतं. कडक जॉबवर दाणा लवकर बोथटतो, तो सुटून पडला तरच मागचा धारदार दाणा पुढे येतो. म्हणून कडक जॉबला मऊ ग्रेड, मऊ जॉबला कडक ग्रेड. हार्ड प्लेटवर जे ग्रेडपेक्षा कडक असलेला एम किंवा एन लावलास तर बोथट दाणे सुटत नाहीत, कापायचं सोडून नुसते घासतात, आणि ती उष्णता प्लेटमध्ये उतरते. डाग पुढच्या पासला (व्हीलच्या पुढच्या फेरीला) निघून गेला तरी खालचा थर मऊ पडलेला असू शकतो, बारीक तडेही असू शकतात. डाग पुसला म्हणून जॉब ठीक समजू नकोस.

मशीन बंद करून व्हीलचा चेहरा बघ. काचेसारखा चमकत असेल तर दाणे बोथटलेत. धातूचे ठिपके रुतलेले दिसले तर व्हील भरलंय. तिथे कूलंट (जॉब थंड ठेवणारं पाणी) कमी पडतोय किंवा व्हीलची मोकळीक कमी आहे. दोन्ही वेळा डायमंड मारायचाच, म्हणजे हिऱ्याच्या टोकानं व्हीलचा वरचा थर खरवडून धार काढायची, पण कारण तसंच राहिलं तर तासाभरात पुन्हा तीच गत.

डायमंड मारण्याबद्दल सविस्तर लिहितो. डायमंडचा ब्लॉक चकवर (जॉब धरणाऱ्या टेबलावर) पक्का धर. टोक व्हीलच्या मध्यरेषेच्या किंचित पलीकडे, ठिणग्या जातात त्या बाजूला ठेव, आणि फिरण्याच्या दिशेकडे १० ते १५ अंश झुकव. उलटं झुकलं तर ते व्हीलमध्ये घुसतं. एका पासला १० ते २० मायक्रॉन पुरे. कूलंट आधीपासून भरपूर सोड, नाहीतर अजिबात नको. तापलेल्या हिऱ्यावर मध्येच पाणी पडलं तर तो तडकतो. होल्डरमध्ये डायमंड अधूनमधून थोडा फिरवत जा, टोक सपाट होऊ देऊ नकोस.

आता डायमंड व्हीलवरून नेण्याचा वेग. हात हळू चालवला की फिनिश चांगला येतो, असं शिकवतात. ते अर्धंच खरं आहे. फार हळू गेलास तर दाणे मिटतात आणि ताजं डायमंड मारलेलं व्हीलच जॉब जाळतं. ४६ दाण्याचं २५ मिमी रुंद व्हील २८५० आरपीएमला तीन ते पाच सेकंदांत ओलांड. शेवटच्या फिनिश पासला याच्या दुप्पट वेळ घे, त्याहून जास्त नको.

नवं व्हील बसवण्याआधी ते कोरडं करून बोटावर लटकव आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं उभ्या रेषेपासून ४५ अंशांवर, काठापासून दोन-तीन सेंटिमीटर आत, दोन्ही बाजूंना टिचकी दे. मग व्हील फिरवून पुन्हा वाजव. व्हिट्रिफाइड व्हील स्वच्छ टणत्कार देतं. आवाज बसका आला तर ते लावायचं नाही. दोन्ही फ्लँज (व्हील दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या) सारख्या व्यासाचे, व्हीलच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाहून लहान नकोत. व्हील आणि फ्लँजच्या मध्ये कागदी ब्लॉटर (चकती) हवाच. व्हील ठोकून स्पिंडलवर (मशीनच्या फिरत्या दांड्यावर) चढवू नकोस.

व्हीलच्या कडेच्या वेगाचा हिशोब कर: व्यास मिमीत, गुणिले ३.१४, गुणिले आरपीएम, भागिले ६०,०००. २०० मिमीचं व्हील २८५० आरपीएमला सेकंदाला सुमारे ३० मीटर जातं. त्याच स्पिंडलवर २५० मिमीचं लावलंस तर ३७; लेबलवर ३५ छापलं असेल तर ते धोक्याचं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३० नं व्हीलची सुरक्षित गती मशीनजवळ लिहून लावायला सांगितलं, ते यासाठीच. गार्ड लावून, बाजूला उभं राहून एक मिनिट रिकामं फिरव, मगच जॉबला भिडव.

नव्या व्हीलला आधी डायमंड मार, मग बॅलन्स कर (वजन सगळीकडे सारखं कर), पुन्हा डायमंड मार. जेवायला जाताना आधी कूलंट बंद कर आणि व्हील दोन मिनिटं फिरू दे. ओलं व्हील थांबलं की पाणी खालच्या भागात साचतं, आणि परत आल्यावर जॉबवर लाटा उमटतात.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा ओलसर असते. रेझिन बाँडची कटिंग व्हील जमिनीवर ठेवू नकोस. दमटपणानं त्यांची ताकद जाते, आणि छापलेली मुदत संपलेलं व्हील वापरू नकोस. बेंच ग्राइंडरवर टूल रेस्टचं (जॉब टेकवायच्या पट्टीचं) व्हीलपासूनचं अंतर ३ मिमीच्या आत ठेव, आणि अॅल्युमिनियम तिथे घासू नकोस, व्हील लगेच भरतं.

तुझ्या व्हीलचं पूर्ण लेबल, प्लेटची हार्डनेस आणि एका पासला किती कट घेतोस ते लिहून पाठव. ग्रेड बदलायचा की नाही, ते त्यावरून सांगतो.