आधी तपास, मग रड

प्रिय बाळ,

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी शिंपणं उरकल्यावर वाचला. मेसेज लांबलचक आहे, पण त्यात वाक्यं तीनच आहेत, बाकी सगळं त्यांचंच उगाळणं. ‘बाबांनी वाडी विकायला नको होती. मला विचारलंसुद्धा नाही. त्यांच्या लेखी मला किंमतच नाही.’ ही तीन वाक्यं वहीत स्वतःच्या हातानं उतरव. मोबाइलवर नको, आणि मनातल्या मनात तर नकोच, कारण तिथे आपण स्वतःच्याच बाजूनं साक्ष देतो. मग एकेका वाक्याला विचार : हे खरं आहे का?

‘मला विचारलं नाही’ हे खरं आहे. ते घडलं आहे आणि त्याचं दुःख होणारच. ‘माझी किंमत नाही’ हे मात्र तू कुठून आणलंस? खरेदीखताच्या आधीच्या आठवड्यात तुझे बाबा रोज संध्याकाळी विहिरीच्या काठावर नुसते बसून असायचे. कुंपणापलीकडून मी बघत होते. त्यावरून मी म्हणू शकते की त्यांना तुझीच काळजी होती. पण तेही माझं अनुमानच झालं. त्यांच्या मनात काय होतं ते ना तुला ठाऊक, ना मला. ज्याची खात्री नाही त्यावर तू महिनाभर झोप घालवते आहेस.

आणि ‘विकायला नको होती’? हे सगळ्यात चिवट. कारण वाडी विकली गेली आहे. रोज सकाळी उठून झालेल्या गोष्टीशी भांडायचं आणि रोज हरायचं, याने तू दमली आहेस. वाडी जाऊन त्रास झाला तो एकदा. हा दुसरा त्रास तुझा तू रोज नव्याने करून घेते आहेस.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून यावर उपचारपद्धती उभी केली, विवेकनिष्ठ मानसोपचार. घटना आपल्याला जेवढी छळते त्याहून जास्त तिच्याबद्दलची आपली समजूत छळते, हा तिचा पाया. एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाचं ऋण एलिस स्वतः मानत. मराठी माणसापर्यंत ही पद्धत कि. मो. फडके यांनी आणली. मी वापरते ते चार प्रश्न मात्र बायरन केटी या अमेरिकन बाईंचे. वर्षानुवर्षं खचलेल्या अवस्थेत काढल्यावर १९८६ साली त्यांना ही वाट सापडली. हे खरं आहे का? ते खरंच आहे, अशी पक्की खात्री देता येईल का? हा विचार खरा मानला की माझं काय होतं? आणि हा विचार नसता तर मी कशी असते?

तिसऱ्या प्रश्नावर घाई करू नकोस. बाबा ताटावर बसले की तू उठून आत जातेस, आईशी तुटक बोलतेस, अभ्यासाचं पुस्तक उघडून त्याच पानावर तासभर बसतेस. हे सगळं लिही. त्यानंतर वाक्य उलटं करून बघ : ‘मी बाबांना विचारायला हवं होतं.’ कर्ज किती आहे, हे कधी विचारलंस? मात्र स्वतःला झोडायला म्हणून उलटं करू नकोस. ‘मीच वाईट मुलगी’ असं वाक्य निघालं तर त्यालाही तोच प्रश्न : हे खरं आहे का?

तू लिहिलंयस, ‘मावशी, तुम्हाला सोपं आहे, तुमची वाडी तुमच्याकडे आहे.’ हे वाचून मला राग आला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझी वाडी कुठे आकाशात होती? दुपारभर पोफळी कडाकडा मोडत होत्या. संध्याकाळी दार उघडलं तर वाडीतून थेट समुद्र दिसत होता, जन्मात कधी दिसला नव्हता. नारळ मुळासकट उपटलेले, मिरवेली चिखलात, जायफळाची झाडं त्यांच्याखाली चिरडलेली. मदत हेक्टरी पन्नास हजार. आपल्याकडच्या दहा गुंठ्यांना त्यातले किती येतात, तूच हिशेब कर. दुसऱ्या दिवशी मी कोयता घेऊन झावळ्या तोडायला लागले, तेव्हा लोक म्हणाले, हिला काळीज नाही. काळीज होतं. ‘असं व्हायला नको होतं’ हे वाक्य घेऊन ओटीवर बसले असते तर पाऊस सुरू व्हायच्या आत वाट मोकळी झाली नसती. सावली गेली होती, रोठ्याची, म्हणजे आपल्याकडच्या सुपारीची, रोपं उन्हानं करपली असती, म्हणून आधी केळी लावल्या. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात हे मला माहीत होतं. तरीही लावल्या. त्यात माझं चुकलं, असं मला आजही वाटत नाही.

पण मी विकली नाही म्हणून तुझ्या बाबांचं चुकलं, असंही नाही. माझ्यावर कर्ज नव्हतं.

हा हट्ट माझ्यात कुठून आला तेही सांगते. मला दापोलीला कृषी विद्यापीठात शिकायचं होतं, वडिलांनी पाठवलं नाही. ‘त्यांनी माझं आयुष्य अडवलं’ हे वाक्य मी लग्नानंतरही सांभाळलं. ते तपासायचं मला कोणी शिकवलं नव्हतं. माहेरी जायची तेव्हा आईशी बोलायचे, त्यांच्याशी कामापुरतं. ते गेल्यावर ट्रंकेत दवाखान्याच्या पावत्या सापडल्या, त्याच वर्षीच्या, आजीच्या. त्यांना विचारायचं राहिलं ते राहिलंच. म्हणून तुझ्या मागे लागते आहे. तुझे बाबा आहेत अजून, मागच्या पडवीत सुपाऱ्या सोलत बसलेले दिसतात मला इथून.

आणि कृपा करून मला ‘म्हणजे सगळं मुकाट्यानं सहन करायचं का’ असं विचारू नकोस. असं मी कधी म्हटलं? जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं तुझा त्यात मुलाइतकाच जन्मजात हक्क आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केला. बाबांनी स्वतः घेतलेली असेल तर विकायला ते मोकळे होते. कर्जापायी, घराच्या गरजेपोटी विकली असेल तर तो आणखी निराळा प्रश्न, तो वकिलाला विचार. हेही तपासायचंच आहे, फक्त सातबारा आणि फेरफार हातात घेऊन. रागानं पेटलेल्या माणसाला फेरफारातली नोंदसुद्धा धड वाचता येत नाही, म्हणून वही आधी.

झोप अशीच उडालेली राहिली, जेवण जाईना, तर वहीवर भागवू नकोस. डॉक्टरकडे जा, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन कर. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, मराठीत बोलतात.

रविवारी ये. तिन्ही वाक्यांची उत्तरं लिहून आण, तिसऱ्या प्रश्नाची किमान पानभर. कोरी वही घेऊन आलीस तर चहा देईन, पण त्या विषयावर एक शब्द बोलणार नाही.

तुझी,
शेजारची मावशी