पुढून झुकलेला पिकअप समतल करताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझ्या पिकअपचं नाक मागच्या भागापेक्षा बरंच खाली आहे. उंची बदलता येणारे पुढचे शॉक (धक्के शोषणाऱ्या नळ्या, ज्यांच्याभोवती स्प्रिंग असते) बसवून गाडी समतल करायचा विचार आहे. शॉकच्या नळीवर चार-पाच खाचा असतात, त्यातली कोणती निवडायची?

उत्तर : खाच निवडण्याआधी टेप काढा. सपाट फरशीवर गाडी उभी करा, चारही टायरांत नेमून दिलेली हवा भरा, टाकीत नेहमीइतकं इंधन असू द्या आणि आत कुणी बसू नका. चाकाच्या हबच्या मध्यापासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोजून लिहून ठेवा. शॉक बदलल्यानंतर गाडी खरोखर किती उचलली गेली, हे याच आकड्यांवरून कळेल.

गाडी किती झुकली आहे हे मात्र या मापावरून ठरवू नका. पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या कमानी मुळात एका उंचीवर कापलेल्या असतीलच असं नाही. त्यासाठी दाराखालच्या पट्टीची जमिनीपासूनची उंची दोन ठिकाणी मोजा, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे. समजा या दोन जागांमध्ये २ मीटर अंतर आहे आणि उंचीत २५ मिमीचा फरक आहे. पुढच्या व मागच्या चाकांमधलं अंतर ३.२ मीटर असेल, तर गाडी पूर्ण समतल करायला पुढच्या चाकापाशी ४० मिमी उंची वाढवावी लागेल.

पण हे ४० मिमी पूर्ण वापरू नका. पिकअप मागून उंच ठेवलेला असतो तो ओझ्यासाठी. हौद भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सरळ होते. रिकामी असतानाच ती समतल केली, तर भरल्यावर नाक वर जाईल. नेहमीचं ओझं एकदा हौदात ठेवून मागचा भाग किती खाली येतो ते मोजा. हौद बहुतेक वेळा रिकामाच असेल, तर वरच्या उदाहरणात २५ ते ३० मिमी उचलणं आमच्या मते योग्य. नियमित माल वाहत असाल, तर त्याहून कमी.

आता खाचेकडे येऊ. खाचेत सर्क्लिप, म्हणजे धातूची उघडी कडी, बसते, सर्क्लिपवर स्प्रिंगची खालची वाटी टेकते आणि वाटीत स्प्रिंग. वाटी जितकी वर, तितकी गाडी वर. मात्र वाटी १५ मिमी वर सरकवली की गाडी १५ मिमीच उचलली जाते असं नाही. शॉक खालच्या आर्मवर (चाक आणि गाडीचा सांगाडा जोडणारा, वरखाली हलणारा दांडा) चाकापासून आतल्या बाजूला टेकलेला असतो. आर्मच्या आतल्या बोल्टपासून बॉल जॉइंट (चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) ४० सेंमीवर आणि शॉकचा बोल्ट २४ सेंमीवर असेल, तर गुणोत्तर ०.६ होतं. म्हणजे वाटी १५ मिमी वर घेतली तर चाकापाशी सुमारे २५ मिमी मिळतात. शॉक तिरका असल्यामुळे थोडे जास्तच. बिल्स्टाइन ५१०० सारख्या शॉकसोबत खाचांचा तक्ता येतो. त्यातले आकडे वाटीचे आहेत की चाकापाशी मिळणाऱ्या उंचीचे, हे आधी वाचा. बहुतेकांची चूक इथेच होते.

प्रश्न : वाटी वर घेतली की स्प्रिंग आणखी दाबली जाते, म्हणून गाडी कडक होते असं ऐकलं. हे खरं आहे का?

उत्तर : हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. गाडी चाकांवर उभी असताना स्प्रिंग किती दबणार हे तिच्यावरच्या वजनावर ठरतं आणि वजन तर बदललेलं नाही. वाटी वर गेली की स्प्रिंगची लांबी जवळपास तेवढीच राहते आणि तिच्यावर टेकलेली गाडी वर जाते. स्प्रिंगची ताकदही तीच राहते. जास्त दाब पडतो तो चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना.

मग गाडी कडक का वाटते? याची दोन कारणं. पहिलं, नवे गॅसचे शॉक मूळच्या शॉकपेक्षा ताठ भरलेले असतात. दुसरं कारण महत्त्वाचं आहे. शॉकची पूर्ण ताणलेली लांबी ठरलेली असते. गाडी जितकी वर घ्याल, तितकं चाकाला खाली जायला उरलेलं अंतर कमी होतं. सर्वांत वरच्या खाचेत हे अंतर इतकं कमी राहतं की गतिरोधक उतरताना किंवा खड्ड्यात चाक गेल्यावर शॉक पूर्ण ताणला जाऊन ‘ठक्’ असा आवाज येतो. असा ठोका वारंवार बसला तर शॉकच्या आतल्या भागांवर आणि वरच्या रबरी माउंटवर ताण येतो. तो ऐकू येत असेल तर एक खाच खाली या.

प्रश्न : शॉक स्वतः बदलायचे आहेत. काय जपावं?

उत्तर : सर्वांत आधी स्प्रिंग. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जायबंदी करण्याइतकी ताकद असते. चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल, तर शॉक गाडीतून स्वतः काढा आणि स्प्रिंग नव्या शॉकवर चढवण्याचं काम गॅरेजात करून घ्या. यात कमीपणा काही नाही.

मागच्या चाकांना अडण्या लावा, पुढची बाजू उचला आणि स्टँड चासीखाली ठेवा, आर्मखाली नाही. आर्म मोकळा लोंबायला हवा. दोन्ही बाजूंचे आर्म जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारची लिंक दोन्ही बाजूंची सोडवा. जोडलेली राहिली तर बार आर्मला वर ओढत राहतो आणि शॉक निघता निघत नाही. एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप यांच्या पकडी मोकळ्या करा, नाहीतर आर्म खाली दाबताना त्या ताणल्या जातात. मग शॉकच्या वरच्या माउंटभोवतीचे छोटे नट आणि खालचा बोल्ट काढा. माउंटच्या मध्यभागी असलेला मोठा नट गाडीवर असताना चुकूनही सोडवू नका. पूर्ण स्प्रिंग त्या एका नटावर अडलेली असते.

बाहेर काढल्यावर वरचं माउंट, स्प्रिंग आणि खालचा बोल्ट यांची एकमेकांशी असलेली दिशा रंगाने खूण करून ठेवा. दिशा फिरली तर बसवताना वरचे नट भोकात येत नाहीत. कॉम्प्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर लावा आणि हातपान्याने आळीपाळीने थोडं थोडं फिरवा. स्प्रिंग वाटीत मोकळी हलू लागली की मगच मधला नट काढा आणि शॉकच्या टोकासमोर उभे राहू नका.

नव्या शॉकवर सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का, हे बोटाने चहूबाजूंनी तपासा. ती खाचेत असताना फिरवता आली पाहिजे. अर्धवट बसलेली सर्क्लिप भार येताच निसटते आणि वाटी खाली घसरते. गरजेपेक्षा जास्त फाकवलेली सर्क्लिप पुन्हा वापरू नका. स्प्रिंगचं टोक वाटीतल्या अडणीला टेकलेलं हवं. मधला नट आवळताना शॉकची दांडी पान्याने धरून ठेवा. इम्पॅक्ट गन लावली की दांडी आत गरगर फिरते आणि सील खराब होतं. वरची खाच निवडली असेल तर वाटी जितकी वर गेली, तितकी स्प्रिंग जोडणीच्या वेळी जास्त दाबावी लागते हेही लक्षात असू द्या.

खालचा बोल्ट, आणि आर्मचे बोल्ट सैल केले असतील तर तेही, गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पक्के करा. गाडी दोन-तीन मीटर पुढेमागे घ्या, बंपर दाबून सोडा आणि मग टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणारा पाना) गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे आवळा. लोंबत्या स्थितीत आवळलेलं रबरी बुश (बोल्टभोवतीचं रबरी नळकांडं) कायम पिळलेलं राहतं, गाडीची उंची खोटी दाखवतं आणि लवकर फाटतं. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट आणि उंचीची मापं पुन्हा तपासा.

प्रश्न : शॉकच्या डोक्यावर बसणारा स्पेसर (उंची वाढवणारा जाड ठोकळा) स्वस्त पडतो. तोच का लावू नये?

उत्तर : स्पेसर अख्खा शॉक खाली ढकलतो, त्यामुळे चाक मूळ मर्यादेपेक्षा खाली लोंबतं. मग वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि चारचाकी ओढीच्या गाडीत पुढच्या एक्सलचे जॉइंट बेताबाहेरच्या कोनात जातात. काही गाड्यांत वरचा आर्म स्प्रिंगला घासतो. वाटी वर घेणाऱ्या शॉकमध्ये खालची मर्यादा शॉकच्या लांबीने बांधलेली असते, म्हणून आमचा कौल शॉकला आहे. दोन्ही एकत्र मात्र कधीच नको.

प्रश्न : समतल केल्यापासून वळणानंतर स्टिअरिंग नीट परत येत नाही, टायरही एका कडेने झिजू लागलेत.

उत्तर : व्हील अलाइनमेंट राहून गेलेली दिसते. उंची बदलली की आर्मचे कोन बदलतात आणि त्यासोबत टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बरही (समोरून पाहता चाकाचा तिरपेपणा). स्टिअरिंग मधोमध परत न येणं हे बहुधा कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल) कमी झाल्याचं लक्षण आहे. फक्त टो लावून घेऊ नका, तिन्ही कोनांचे आकडे छापून मागा. कॅस्टर मर्यादेत येतच नसेल तर एक खाच खाली या किंवा वेगळ्या कोनाचा वरचा आर्म बसवा.

आणि हेडलाइट विसरू नका. ३.२ मीटर अंतराच्या गाडीचं नाक ४० मिमी उचललं की दर मीटरला प्रकाश १२.५ मिमी वर चढतो. २५ मीटरवर तो ३१ सेंमी उंच जातो, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. दिव्यांचा झोत त्याच दिवशी खाली घ्या. पुढे कॅमेरा किंवा रडार असेल तर त्याचीही जुळणी करून घ्यावी लागते.

प्रश्न : पुढे लोखंडी बंपर आणि विंच (गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) लावल्यावर नाक खाली गेलं. वरची खाच पुरेल का?

उत्तर : उंची परत मिळेल, पण स्प्रिंग वजनाला कमीच पडत राहील आणि ब्रेक मारताना नाक खाली आपटेल. अशा वेळी वाढलेलं वजन पेलणारी ताठ स्प्रिंग घ्या आणि सर्क्लिप सर्वांत खालच्या खाचेपासून सुरू करून मापं घ्या.

प्रश्न : माझ्या पिकअपला पुढे कॉइल (गुंडाळीची) स्प्रिंगच नाही, टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत.

उत्तर : मग हे शॉक तुमच्या कामाचे नाहीत. तुमच्याकडे उंची टॉर्शन बारच्या टोकाशी असलेल्या बोल्टने बदलते. चाकं लोंबत ठेवून, दोन्ही बाजूंना सारखेच आटे फिरवा. चाक खाली जाताना वरच्या आर्मला अडवणारा रबरी ठोकळा उभ्या गाडीत आर्मला टेकू लागला, तर गाडी जास्त उचलली गेली आहे असं समजा.