सोनोग्राफीत किडनीचे टक्के निघत नाहीत

बाबांची उजवी किडनी 7.8 सेंटिमीटर, डावी 11.4, क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा) 1.1, मग उजवी किती टक्के चालते, त्यासाठी सोनोग्राफी दुसरीकडे परत करायची का, असं विचारलंय तुम्ही. परत करून हाती काही लागणार नाही.

सोनोग्राफीत आकार, बाहेरच्या थराची जाडी, सूज, खडा एवढं दिसतं. मोठ्या माणसाची किडनी साधारण 9 ते 12 सेंटिमीटर असते, म्हणून 7.8 ची आक्रसलेलीच म्हणायची. थरही पातळ असेल तर ती फारसं काम करत नसणार, हा अंदाज बहुतेक बरोबर निघतो. पण उलटंही होतं. लघवी अडून फुगलेली किडनी मापात 12 भरते नि आत काही उरलेलं नसतं.

माझं तेच झालं. नागपूरचा मे महिना, दिवसभर उन्हात फिरणं, पाणी नावापुरतं. मूत्रनलिकेत 9 मिलिमीटरचा खडा अडकला. एका दवाखान्यात गोळ्या दिल्या, कळ थांबली, मी समजलो खडा पडला. परत सोनोग्राफी करा असं ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं. दीड वर्षाने केली तेव्हा उजवी फुगून थर कागदासारखा झाला होता. आणि क्रिएटिनिन? 1.0, म्हणजे नॉर्मल! डावीने गुपचूप दोघींचं काम उचललं होतं. बंडी चालतेय एवढंच क्रिएटिनिन सांगतं, कोणता बैल ओढतोय ते नाही.

ते सांगतो डीटीपीए स्कॅन. नागपुरातच होतो, मुंबईला पळू नका. शिरेत टेक्नेशियम या किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देतात, अर्धा तास न हलता पाठीवर निजायचं, कोणती किडनी ते किती ओढते हे गॅमा कॅमेरा मोजत राहतो. अडथळा पाहायला मध्येच लघवी वाढवणारं औषध सोडतात. माझ्या कागदावर डावीची रेघ चढून झरकन उतरली होती, उजवीची आडवीच पडलेली. डावी 86 टक्के, उजवी 14.

हा टक्का म्हणजे वाटा, ताकद नव्हे. दोन्ही सारख्याच खराब असल्या तरी 50-50 येतं बाप्पा! म्हणून एकूण जीएफआरचा, म्हणजे दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला किती गाळतात त्याचा, आकडा सोबत वाचा. शिवाय लघवी अडलेली असताना आलेला टक्का शेवटचा नसतो. मला स्टेंट (लघवी वाहती ठेवणारी बारीक नळी) टाकला, खडा काढला, तीन महिन्यांनी 14 चे 22 झाले.

बाबांच्या रिपोर्टात सूज लिहिली असेल तर थांबू नका, याच आठवड्यात युरोलॉजिस्ट गाठा. सूज नसेल तर कपाटातले जुने रिपोर्ट काढा. दहा वर्षांपूर्वीही 8 च्या आसपास असेल तर प्रकरण जुनं आहे. बीपी आटोक्यात येत नसेल तर मात्र डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) कामाचा, किडनीची रक्तवाहिनी अरुंद झालीय का ते त्यात दिसतं. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना आधी तेच सांगा, त्या किडनीला बाधू शकतात.