कोडांची यादी राहू द्या, आधी झिरो आणि पॉइंट बघा

प्रश्न : मी आयटीआय टर्नर, मकरपुरा जीआयडीसीत साध्या लेथवर काम करतो. शेठ म्हणतात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आली की तुलाच बसवतो. पण गणित आपलं यथातथाच, कोड बघूनच घाम फुटतो. सगळे पाठ करावे लागतात का? क्लासवाला म्हणतो आधी सॉफ्टवेअर शिका. – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : अहो, हात लेथवर बसलाय ना, मग घाबरताय कशाला? रोज लागणारे कोड मोजकेच असतात. जी०० म्हणजे धावत जा (रॅपिड), जी०१ म्हणजे कापत सरळ जा, जी०२ आणि जी०३ गोलाईचे, एम०३ ने स्पिंडल फिरतो, एम०५ ने थांबतो, एम०८ ने कूलंट चालू. बाकीचे काम पडेल तसे डोक्यात बसतात.

समजा ५० चा बार ३० मिमी लांबीपर्यंत ४८ करायचाय, तर मुख्य दोन ओळी अशा :

जी०० एक्स४८.० झेड२.०
जी०१ झेड-३०.० एफ०.२

एक्स म्हणजे इथे डाया, झेड म्हणजे लांबी, आणि झेडचा झिरो जॉबच्या फेसवर धरलाय म्हणून चककडे जाताना मायनस. एफ०.२ म्हणजे एका फेऱ्यात ०.२ मिमी फीड. आता त्या ४८ पुढचा दशांश पॉइंट बघा. तो राहिला तर फानुक कंपनीच्या बऱ्याच कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर) ४८ म्हणजे ४८ मायक्रॉन धरलं जातं, म्हणजे टूल रॅपिडमध्येच जवळजवळ सेंटरला निघालं, आणि वाटेत कोण आलं, चक का जॉब, याचं त्याला काही देणंघेणं नाही.

गणिताचं म्हणाल तर आरपीएमचं एकच सूत्र पक्कं करा : कटिंग स्पीड गुणिले १०००, भागिले ३.१४ गुणिले डाया. स्पीड १५० मीटर आणि डाया ५० असेल तर साधारण ९५५ आरपीएम. फेसिंग करताना डाया कमी होत जातो तसा जी९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) आरपीएम वाढवत नेतो, म्हणून त्याआधी जी५० एस२००० (२००० आरपीएमच्या वर जाऊ नको) असा काहीतरी लगाम घालायचाच, आकडा चक आणि जॉब बघून ठरवा, नाहीतर सेंटरजवळ स्पिंडल फुल स्पीडला जाऊन जॉब चकातून सुटू शकतो.

माप ४८.०४ आलं की प्रोग्रामला हात लावू नका, त्या टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेची दुरुस्ती भरायच्या रकान्यात) एक्स -०.०४ टाका. पहिला पीस सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत), रॅपिड २५ टक्क्यांवर, बोट फीड होल्डवर (फीड थांबवायच्या बटणावर). स्क्रीनवर ग्राफिक सुंदर दिसलं म्हणून खूश होऊ नका, तुम्ही ऑफसेट चुकीचा घेतलाय हे त्याला कुठून कळणार. आणि सॉफ्टवेअर नंतर. साध्या शाफ्ट-बुशला हाताने लिहिलेला प्रोग्राम पुरतो, डाय-मोल्डच्या मिलिंगला जाल तेव्हा कॅम (प्रोग्राम बनवून देणारं सॉफ्टवेअर) शिका.

प्रश्न : एका कंपनीचा कंट्रोल शिकलो तर दुसरा जमतो का? – आणखी एक वाचक, बडोदा

उत्तर : जी००, जी०१ सारखे कोड तेच असतात, सायकलमध्ये (एका कोडमध्ये बांधलेल्या कामाच्या क्रमात) गोची होते. फानुकवर लेथचा जी७१ म्हणजे रफिंग सायकल, सीमेन्सच्या स्वतःच्या भाषेत तोच जी७१ म्हणजे मापं मिलीमीटरमध्ये. त्यामुळे जुना प्रोग्राम पेनड्राइव्हवरून टाकून थेट सायकल स्टार्ट दाबू नका, त्या मशीनचं मॅन्युअल शेठकडून मागून घ्या.